रडू आलं म्हणजे नवा जन्म झाला का?

प्रश्न : आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. दोन-तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्यांच्याबरोबर मी भुसावळला एका मोठ्या प्रार्थनासभेला गेले होते. गाणी, टाळ्या, मोठ्यानं प्रार्थना. कितीतरी माणसं ओक्साबोक्शी रडत होती. शेजारचे भाऊही रडले आणि परतताना म्हणाले, "आज माझा नवा जन्म झाला." मला कळेना, हे तर जन्मापासूनच ख्रिस्ती, मग नवा जन्म कसला? पुढे हिवाळ्यात मळ्यात भरीत-पार्टी होती. तिथे बांधाच्या जुन्या भांडणावरून हेच भाऊ चुलतभावाच्या अंगावर धावून गेले. त्यांच्या आई मात्र सभेत शांत बसून असतात. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नाही. पण गावात कुणी आजारी पडलं की पहिल्या त्या हजर. "तुमचा नवा जन्म कधी झाला?" असं विचारलं तर म्हणतात, "बाई, तारीख नाही सांगता येत मला." मग दोघांतला खरा कोणाचा? ओळखायचं कसं? आणि भीत भीत विचारते : त्या सभेत मलाही रडू आलं होतं. त्याचा अर्थ काय समजायचा?
— एक वाचक भगिनी, असोदा (जि. जळगाव)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात खरं तर तीन प्रश्न आहेत. जन्मानं ख्रिस्ती असलेल्या माणसाला आणखी नवा जन्म कशाला हवा, हा पहिला. रडणारा मुलगा आणि न रडणारी आई यांतला खरा अनुभव कोणाचा, हा दुसरा. तिसरा तुमच्या स्वतःच्या अश्रूंचा. तो तुम्ही शेवटी विचारलात, तर आपणही त्याच्याकडे शेवटी येऊ. पहिल्या दोन्हींचा उलगडा झाला की तो सोपा होईल.

सुरुवातीलाच दोन गैरसमज बाजूला ठेवू. आपल्याकडे नवा जन्म म्हटलं की मेल्यानंतरचा पुढचा जन्म आठवतो. ख्रिस्ती शिकवणीतला नवा जन्म तो नव्हे. तो याच देहात, याच नावागावासकट, याच आयुष्यात व्हायचा असतो. दुसरा गैरसमज असा, की नवा जन्म म्हणजे धर्मांतर. तसं असतं तर तुमच्या शेजाऱ्यांना त्याची गरजच नव्हती. शाळेच्या दाखल्यावरचा धर्म आणि हा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक कागदावर लिहिता येतो, दुसरा येत नाही.

ही कल्पना योहानाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात येते. निकदेम नावाचा एक यहुदी पुढारी रात्रीच्या वेळी येशूला भेटायला आला. येशूनं त्याला सांगितलं, की माणसानं नव्यानं जन्म घेतल्याखेरीज देवाच्या राज्यात त्याचा प्रवेश नाही. निकदेम गोंधळला. म्हातारा माणूस पुन्हा आईच्या पोटात कसा जाणार, असं त्यानं विचारलं. म्हणजे तुम्हाला पडलेलं कोडं नवं नाही, पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही ते पडलं होतं. आता हे बोलणं कुणाला ऐकवलं गेलं ते पाहा. ऐकणारा दारूबाज नव्हता, लबाड सावकार नव्हता. तो शास्त्र शिकवणारा, नेमाधर्मानं वागणारा, समाजात मान असलेला माणूस होता. तरी त्याला सांगितलं गेलं की तुलाही हे हवं. म्हणजे धार्मिक घरात जन्म, पाठांतर, सणवार, प्रतिष्ठा यांच्या बळावर माणूस आतून बदलतोच असं नाही, हा त्या संवादाचा गाभा आहे. जन्मानं ख्रिस्ती असलेल्यालाही म्हणूनच ही गोष्ट लागू होते.

पुढे निकदेमाचं काय झालं, हेही सांगण्यासारखं आहे. त्या रात्री तो रडला, असं शुभवर्तमानात कुठेही नाही. त्याचा नवा जन्म अमुक क्षणी झाला, असंही लिहिलेलं नाही. सातव्या अध्यायात तो पुढाऱ्यांच्या बैठकीत एवढंच म्हणताना दिसतो, की माणसाचं ऐकून न घेता त्याला दोषी ठरवणं आपल्या नियमात बसत नाही. त्याबद्दल त्याला टोमणे खावे लागतात. मग एकोणिसाव्या अध्यायात, येशूला क्रुसावर मारल्यानंतर, जवळचे शिष्य भीतीनं पांगलेले असताना हाच माणूस भरपूर सुगंधी द्रव्य घेऊन दफनाला येतो. पहिल्यांदा अंधारात लपून आलेला माणूस सगळ्यात धोक्याच्या दिवशी उघडपणे पुढे होतो. बदल कधी झाला ते कळत नाही, झाला एवढं मात्र कळतं. शेजारच्या आईंना तारीख सांगता येत नाही, त्यात म्हणूनच काही वावगं नाही.

इथे एक सांगायला हवं, की या बाबतीत सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचं एकमत नाही. रोमन कॅथलिक आणि काही जुन्या मंडळ्या नव्या जन्माचा संबंध थेट बाप्तिस्म्याशी जोडतात. मग तो तान्ह्या बाळाचा असला तरी. पुढचं आयुष्य म्हणजे त्या देणगीला जागणं. तुम्ही गेलात तशा सभा भरवणाऱ्या मंडळ्या बहुधा असं मानतात, की बाप्तिस्मा ही बाहेरची खूण आहे आणि माणसानं स्वतः पश्चात्ताप करून ख्रिस्तावर विश्वास ठेवला म्हणजे नवा जन्म होतो. दोघांचं भांडण जुनं आहे, ते इथे मिटणार नाही. पण नुसत्या भावनेच्या उमाळ्याला नवा जन्म म्हणू नये, यावर दोन्हीकडचे जाणते उपदेशक सहमत आहेत.

हा फरक आपल्या भाषेत कुणी स्वतःच्या आयुष्यातून दाखवून दिला असेल तर पंडिता रमाबाईंनी. त्यांची हकीकत जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाची दोन्ही टोकं त्यांच्या आयुष्यात आहेत. रमाबाई १८५८ साली जन्मल्या. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, १८८२ साली पतीही गेले. त्यानंतर त्या लहानग्या मुलीला, मनोरमेला घेऊन १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅमला त्यांनी एक आश्रम पाहिला. समाजानं टाकलेल्या, बदनाम ठरवलेल्या बायकांची ख्रिस्ती भगिनी तिथे मायेनं सेवा करत होत्या. रमाबाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकवली गेली. त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपली असं आपल्याला वाटेल. रमाबाईंना तसं वाटलं नाही. पुढे त्यांनी आपली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची हकीकत, लिहिली. तिच्यात त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं : आपल्याला ख्रिस्ती धर्म तेवढा सापडला आहे, त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त नाही. या आठ वर्षांत त्या स्वस्थ बसल्या नव्हत्या. त्यांनी अमेरिकेत व्याख्यानं दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, १८८९ साली विधवांसाठी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. अभ्यास होता, सेवा होती, बाप्तिस्मा होता, उपासना होती. तरी आतली अस्वस्थता जात नव्हती. त्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा मनुष्य कॉर्नवॉलमध्ये बरीच वर्षं चर्चचा अधिकृत पाळक होता आणि १८५१ साली व्यासपीठावरून उपदेश करता करता त्याचाच पालट झाला. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला तपासलं. त्यांच्या ध्यानात आलं, की आपला सगळा भार आपल्या विद्येवर, आपल्या विधींवर, आपल्या चांगुलपणावर आहे. तो तिथून उचलून ख्रिस्ताच्या क्षमेवर ठेवणं, याला त्यांनी नवा जन्म मानलं.

यातून एक गोष्ट निघते. ती तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल. नुसते अश्रू ही जशी खूण नव्हे, तशी नुसती सत्कृत्यंही नव्हेत. शारदा सदनाएवढं मोठं काम करणारी बाई स्वतःबद्दल म्हणते, की तेव्हा माझा नवा जन्म झालेला नव्हता. ख्रिस्ती शिकवणीनुसार सत्कृत्य हे फळ आहे. फळावरून झाड ओळखता येतं, पण दुकानातून आणलेलं फळ फांदीला बांधलं म्हणून झाड जिवंत होत नाही. म्हणून खऱ्या अनुभवात दोन्ही गोष्टी लागतात : आत आधार बदललेला असणं आणि बाहेर हळूहळू वागणं बदलत जाणं. पहिली फक्त त्या माणसाला आणि देवाला ठाऊक. दुसरी शेजाऱ्यांना दिसते.

आता सभेतल्या रडण्याकडे वळू. ते का येतं, याची कारणं समजून घेतली तर निम्मा गोंधळ जातो. एकच चाल पुन्हा पुन्हा गायली जाते, हजारो लोक एका ठेक्यात टाळ्या वाजवतात, वक्त्याचा आवाज चढत जातो आणि मग एकदम हळू होतो. शेजारच्याचा हुंदका ऐकू आला की आपला गळा दाटतो. त्यात प्रत्येकाच्या मनात काही ना काही साठलेलं असतंच : कर्ज, आजारपण, गेलेलं माणूस, घरातली अढी. कुणी तरी म्हणतं, तुझं ओझं खाली ठेव, आणि बांध फुटतो. अंगावर काटा येणं, छाती धडधडणं, हातपाय थरथरणं हे मज्जासंस्थेचं काम आहे. ते खोटं नसतं, पण त्यासाठी नवा जन्म व्हावाच लागतो असंही नाही. मुलीच्या पाठवणीला परका माणूससुद्धा डोळे पुसतो.

आपल्या परंपरेला हे नवीन नाही. स्तब्ध होणं, घाम, रोमांच, आवाज घोगरा होणं, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू आणि शुद्ध हरपणं या आठांना आपण अष्टसात्त्विक भाव म्हणतो. कीर्तनात ते होतात, दिंडीत होतात. आणि ते होतात म्हणून माणूस संत ठरत नाही, हेही आपल्या संतांनीच आपल्याला शिकवलं. बाहेरच्या सोंगावर तुकोबांइतके कडक प्रहार क्वचितच कुणी केले असतील. त्यामुळे भावनेचा उमाळा आणि आतला पालट यांत भेद करणं मराठी माणसाला जड जाऊ नये.

येशूनंही हा भेद स्पष्ट सांगितला आहे, आणि तो शेतीच्या भाषेत. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला आहे. त्यातलं काही बी खडकाळ जागी पडतं. तिथे वर मातीचा पातळ थर आणि खाली खडक. ते बी लवकर उगवतं. तापीकाठच्या काळ्या जमिनीत कपाशी करणाऱ्या आणि सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड जमीनही पाहिलेल्या तुमच्या भागात याचं कारण वेगळं सांगायला नको. मुळाला खाली जायला वाट नाही, म्हणून सगळा जोर वर. मग ऊन चढलं की तेच रोप आधी करपतं. येशू स्वतः अर्थ सांगतो : हा तो माणूस, जो वचन ऐकताच आनंदानं स्वीकारतो, पण त्याला मूळ नसतं, अडचण आली, छळ झाला की तो ढेपाळतो. म्हणजे या माणसाचा आनंद नकली होता असं येशू म्हणत नाही. आनंद खराच होता, फक्त तो खाली उतरला नाही. आणि ज्या उन्हानं खडकावरचं रोप जळतं त्याच उन्हात खोल मुळांचं पीक तयार होतं. म्हणून सभेच्या रात्री कोण कोणत्या जमिनीतला, हे कुणालाच सांगता येत नाही. ते पुढच्या उन्हाळ्यात कळतं.

या विषयाचा सगळ्यात बारकाईनं अभ्यास अठराव्या शतकातल्या जोनाथन एडवर्ड्‌स या अमेरिकन पाळकानं केला. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावात १७३४-३५ साली त्याच्या उपदेशानं मोठी जागृती झाली. लोक रडत होते, पापं कबूल करत होते, गावात दुसरा विषय नव्हता. काही वर्षांनी ती लाट पुन्हा उसळली आणि ओसरलीही. मग एडवर्ड्‌सनं शांतपणे मागे वळून पाहिलं आणि १७४६ साली धार्मिक भावनांवर ग्रंथ लिहिला. त्याची मांडणी मला फार प्रामाणिक वाटते. ज्या बारा गोष्टींवरून काहीच सिद्ध होत नाही त्यांची यादी तो आधी देतो. त्यांतल्या काही : भावना तीव्र असणं, शरीरावर तिचा परिणाम दिसणं, देवाविषयी भरभरून बोलता येणं, शास्त्रवचनं आपोआप आठवणं, भजनपूजनात बराच वेळ घालवणं, आपलं तारण झालं अशी ठाम खात्री वाटणं. या गोष्टी खऱ्या अनुभवात असू शकतात, नकली अनुभवातही असू शकतात. त्यामुळे त्यांच्यावरून इकडचा किंवा तिकडचा कोणताच निकाल देता येत नाही. मग तो खऱ्या खुणा सांगतो. त्यांतली शेवटची आणि सगळ्यात वजनदार म्हणजे रोजचं वागणं, तेही दीर्घकाळ टिकलेलं. त्याची आणखी एक खूण सूक्ष्म आहे. खरा भाव देवाकडे पाहतो, नकली भाव स्वतःच्या अनुभवाकडे पाहत बसतो. 'मला त्या दिवशी काय वाटलं' हेच ज्याच्या साक्षीत वर्षानुवर्षं असतं, त्यानं जरा थांबून विचार करावा. आणि ज्या गावानं एवढी जागृती अनुभवली त्याच गावच्या मंडळीनं १७५० साली एडवर्ड्‌सला पाळकपदावरून काढलं. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीला कुणाला बसू द्यायचं, हा वाद होता. दाटून आलेली भावना आणि मुरलेला विश्वास यांतलं अंतर त्याला पुस्तकाबाहेरही सोसावं लागलं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग रडणारे सगळे खोटेच समजायचे का? हा उलट बाजूचा गैरसमज आहे आणि तोही तितकाच चुकीचा आहे. इथे पुन्हा रमाबाईंकडे जाऊ. दौंडजवळच्या केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं होतं. १८९६-९७ आणि १९०० या दुष्काळांतून वाचवलेल्या मुली आणि बायका धरून तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. जानेवारी १९०५ मध्ये सुमारे ७० जणी रोज जमून प्रार्थना करू लागल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या आसपास झाल्या. २९ जूनच्या रात्री मुलींच्या निजण्याच्या खोलीत एकीला आपल्या अंगात आग उतरल्यासारखं वाटलं. दुसरी घाबरून पाण्याची बादली आणायला धावली, असं त्या काळच्या वृत्तान्तात आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर शिकवत असताना मुली एकदम रडू आणि मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. शिकवणं थांबलं. पुढे कित्येक दिवस शाळेचे तास बाजूला ठेवावे लागले.

रमाबाईंनी काय केलं? त्यांनी ते दडपलं नाही. काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना तो गोंधळ वाटला. रमाबाईंचं मत असं, की आपली माणसं आपल्या पद्धतीनं भावना व्यक्त करणार, त्यांच्यावर विलायती शिस्त का लादायची? पण त्या भावनेत वाहूनही गेल्या नाहीत. पुढे मुक्तीत काही जणी प्रार्थनेत अन्यभाषा, म्हणजे न शिकलेल्या, अनोळखी भाषा बोलू लागल्या, तेव्हा ते आत्म्याचं दान रमाबाईंनी नाकारलं नाही. मात्र पवित्र आत्म्याची आवश्यक खूण प्रेम हीच, ही त्यांची भूमिका होती. मुली टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. आणि त्याच मुक्तीत पुढची अनेक वर्षं मराठी बायबलाचं काम चाललं. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून भाषांतर करत होत्या, छापखान्यात खिळे जुळवायला बायका-मुली होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्याच्या थोडंच आधी हे भाषांतर पुरं झालं. त्या दिवसांतल्या रडण्याचं मोल करायचं तर या कंटाळवाण्या, चिकाटीच्या वर्षांवरून करावं, असं मला वाटतं.

एकाच प्रसंगी दोन माणसांना तीव्र भावना झाल्या आणि वाटा मात्र वेगळ्या झाल्या, याचं उदाहरण बायबलातच आहे. येशूला पकडल्यानंतर त्याचा शिष्य पेत्र यानं तीन वेळा आपण त्याला ओळखत नसल्याचं सांगितलं आणि नंतर तो ढसाढसा रडला. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा, त्यालाही पस्तावा झाला. त्यानं घेतलेली तीस चांदीच्या नाण्यांची लाच मंदिरात फेकून दिली. म्हणजे कृतीच्या बाबतीत तो पेत्राच्या पुढेच होता. पण त्याचं दुःख त्याला एकटेपणात आणि आत्महत्येत घेऊन गेलं, पेत्राचं दुःख त्याला येशूकडे परत घेऊन आलं. दुःख किती मोठं, यापेक्षा ते माणसाला कुठे नेतं, हे महत्त्वाचं ठरलं.

आता तुमच्या शेजारच्या भाऊंचा राग. लोकांची अपेक्षा असते, की नवा जन्म झाला म्हणजे स्वभाव रातोरात पालटला पाहिजे. पेत्राचंच पुढचं पाहा. कितीतरी वर्षांनी अंत्युखिया शहरात तो गैरयहुदी विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमहून काही माणसं आली तेव्हा ती काय म्हणतील या भीतीनं तो पंगतीतून बाजूला झाला. पौल या दुसऱ्या प्रेषितानं सगळ्यांसमोर त्याला त्याची चूक दाखवली. येशूला नाकारताना जी भीती होती, तिचं मूळ अजून शिल्लक होतं.

आपल्याकडचं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आल्यावर त्यांना ते पुस्तक सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक असतं, की टिळकांचा तापटपणा काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या या आत्मचरित्रात तो लपवलेला नाही. आणि त्याच माणसानं १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीनं 'देवाचा दरबार' हा भक्तसंघ सुरू केला, हेही त्यांनीच सांगितलं. लक्ष्मीबाईंचा स्वतःचा पालट तर आणखी वेगळा. पतीच्या धर्मांतरानं त्यांच्यावर आकाश कोसळलं. काही वर्षांनी त्या पतीजवळ राहायला आल्या, तरी सोवळंओवळं आणि वेगळा स्वयंपाक सुटला नव्हता. मग जात देवानं केली की माणसानं, हा विचार त्यांच्या मनात घोळत राहिला. एक दिवस उत्तर सापडलं आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. त्यांच्या बाबतीत पालट आधी स्वयंपाकघरात दिसला, देवळात नंतर.

तेव्हा भाऊ चिडले एवढ्यावरून त्यांचा अनुभव खोटा ठरवू नका. पाहायचं ते पुढचं : चिडल्यानंतर काय झालं? पूर्वी ते वर्षभर बोलणं टाकत असतील आणि आता चार दिवसांनी चुलतभावाच्या दारात जात असतील, तर काहीतरी हललं आहे. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला जक्कय हा जकातदार आठवा. तो रडल्याचा उल्लेख नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो, एवढंच तो उभा राहून बोलला. बांधाच्या भांडणात याचं रूपांतर अगदी सरळ आहे. दोन तासं कोरली गेली असतील तर ती सोडायची तयारी आहे का? तलाठ्याला, मोजणीला न बोलावता? सभेतली साक्ष खरी की नाही, याची पारख अशा ठिकाणी होते. आणि त्यांच्या आईंच्या बाबतीत म्हणाल, तर आजाऱ्याच्या उशाशी बसणं हे उत्तम लक्षण आहे. पण त्यांच्या मनाचा भार कशावर आहे, हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. रमाबाईंबद्दल १८९० साली कुणी विचारलं असतं, तर सगळ्यांनी चुकीचंच उत्तर दिलं असतं.

उरला तुमचा प्रश्न. ताई, तुम्हाला रडू आलं म्हणून तुमचा धर्म बदललेला नाही. तुमच्याकडून कुणाचा अपराधही झालेला नाही. गाण्यानं, गर्दीनं, दुसऱ्याच्या दुःखानं डोळे भरले असतील. किंवा तुमचंच काही जुनं दुःख त्या तासाभरात वर आलं असेल; तसं असेल तर ते घरात, मैत्रिणीजवळ मोकळेपणी बोला. आणि तिथे ऐकलेल्या एखाद्या वाक्यानं खरोखरच मनात प्रश्न उभा केला असेल, तर तोही दाबून टाकू नका. योहानाचा तिसरा अध्याय, मत्तयाचे पाच ते सात अध्याय निवांतपणे वाचा. शंका लिहून काढा, जाणत्याला विचारा. टिळकांनी ते पुस्तक हातात आल्यापासून बाप्तिस्म्यापर्यंत जवळजवळ दोन वर्षं घेतली. १८५४ साली बेळगावला बाप्तिस्मा घेणाऱ्या बाबा पदमनजींना मनात पटल्यानंतरही धीर एकवटायला वेळ लागला. अशा गोष्टीत वेळ घेणं हा भित्रेपणा नाही. सभेच्या भरातच कुणी नाव लिहून घ्यायची किंवा आजच्या आज ठरवा म्हणून घाई केली, तर हात जोडून नाही म्हणा आणि घरी या.